चौथी रेघ

प्रिय बाबा,

तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

दुपारी बिसाहू भैयांकडे जाऊन आले. परत येताना सगळी वाक्यं मनात जुळवली आणि घरात शिरल्या शिरल्या तुमच्या खुर्चीकडे वळले. खुर्चीवर आईने उशांचे अभ्रे वाळत टाकले होते. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली हे मला माहीत नाही असं नाही, पण सवय जात नाही. मग टेबलावरचे शाळेचे कागद ओढले. पाठीमागे सातवीची प्रश्नपत्रिका आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

दोन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि पहिलं पत्र हे असं! पण भांडणाच्या आधी एक कबुली द्यायची आहे. चांदनी माझ्या हातून गेली, बाबा. त्या गोळ्या तिला मी चारल्या. नऊ वर्षं झाली, हे वाक्य मी कोणापुढेच बोलले नव्हते. तुमच्यापुढे तर नाहीच.

क्रमाने सांगते. ‘सुरुवातीपासून सांग, मधातूनच नको घुसू,’ असं तुम्हीच म्हणायचे ना?

उद्या पोळा आहे. आपण भंडाऱ्याहून रायपुरला, गुढियारीत आलो त्या पहिल्या वर्षी तुम्ही पोळ्याला बैल शोधत फिरले होते, आठवतं? गुढियारीत बैल कुठला! ट्रक, हमाल, धान्याची गोदामं आणि रेल्वेचा मालधक्का. आई म्हणाली, इथले लोक करतात तसा मातीचा बैल आणा बाजारातून. ते तुम्हाला पटेना. पुढे कितीतरी वर्षांनी मागच्या गल्लीत बिसाहू भैया राहायला आले. त्यांच्याकडे लग्नाच्या वरातीला द्यायची पांढरी घोडी होती. चांदनी.

‘बैल नाही तं घोडी,’ तुम्ही म्हणाले. ‘राबणारं जनावर पाह्यजे, बस.’

‘राबते तं राबतेच,’ आई म्हणाली. ‘नवरदेव वाह्यनं काय सोपं काम आहे?’

तेव्हापासून दर पोळ्याला चांदनी आपला बैल. आदल्या दिवशी तुम्ही तिच्या गोठ्यात जायचे, खांद्याला हळद-लोणी लावून पळसाच्या पानांनी शेकायचे आणि तिच्या कानाशी वाकून म्हणायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ बिसाहू भैया दोर धरून हसायचे. ‘बाबूजी, यह मराठी समझती है क्या?’ तुम्ही म्हणायचे, ‘तुले समजते, मंग तिले काहून नाही समजत?’

आता उंदीर.

तुमची सगळी नोकरी मालधक्क्यावर गेली. पोती यायची, पोती जायची, उंदीर तिथेच राहायचे. तुम्ही त्यांच्याबद्दल एखाद्या खडूस साहेबाबद्दल बोलावं तसं बोलायचे. राग होता, पण त्यांच्या हुशारीची कदरही होती. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, तुम्ही उंदरांच्या मागे लागले. पावसाळ्यात गोदामांमध्ये पाणी शिरलं की उंदीर आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या घरांकडे निघायचे, आणि तुम्ही कणीक घेऊन वरांड्यात बसायचे. अर्धा पारा तुमच्याकडून गोळ्या न्यायचा.

तुमची पद्धत मला अजून पाठ आहे. पहिले तीन दिवस साध्या गोळ्या. कणीक, गूळ, जरासं तेल, विष नाही. उंदीर नवीन वस्तूवर तुटून पडत नाही. एखादा चाखतो आणि बाकीचे त्याचं काय होतं ते बघतात. तीन दिवस कोणाला काही झालं नाही की सगळे निर्धास्त होतात. मग चौथ्या दिवशी तीच गोळी, पण आत विषाची काळी पुडी.

‘भरवसा कमवा लागते, विजू,’ तुम्ही म्हणायचे. ‘एकदा भरवसा बसला का मंग तो काहीच पाहत नाही.’

पुडीने कणीक करडी पडते, म्हणून साध्या गोळीतही तुम्ही चिमूटभर राख घालायचे. रंग सारखा दिसावा म्हणून! मी तेव्हाही शाळेत विज्ञानच शिकवत होते. मी म्हटलं, उंदराला रंग कळत नाही हो. ‘त्याले नसन कळत, मले कळते ना,’ असं तुमचं उत्तर. तर अशा रीतीने आपल्या घरात विषाची गोळी आणि साधी गोळी जुळ्या बहिणींसारख्या दिसायच्या, आणि आपल्याला त्याचं कौतुक होतं.

तुम्ही निष्काळजी होते असं मी म्हणत नाही. तसं कोणीच म्हणणार नाही. कोठीच्या चौकटीवर रोज खडूची एक रेघ असायची. तीन रेघांपर्यंत साधी गोळी. चौथी रेघ दिसली की घरात कोणी गोळ्यांच्या ताटाला हात लावायचा नाही, हा नियम. सकाळी मेलेले उंदीर तुम्ही चिमट्याने वेचून खोल खड्ड्यात पुरायचे, कारण शेजारच्या मांजरीने एकदा तसला उंदीर खाल्ला होता आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत गेली होती. कावळ्याला, घारीलाही तेच होतं, असं तुम्ही गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे. लोक मान डोलवायचे आणि उंदीर नालीत फेकायचे.

आणि साध्या गोळ्या उरल्या की त्या चांदनीला. अन्न टाकायचं नाही हा आईचा नियम. ती सकाळी चरायला जाताना आपल्या गेटवर थांबायची. राखेची चिमूट तिला चालायची, गूळ असला म्हणजे झालं.

त्या वर्षी मला शनिवार-रविवार नवा रायपुरला ट्रेनिंग होतं. तिकडे बसचा भरवसा नाही, म्हणून मी मैत्रिणीकडे राहिले आणि सोमवारी तिथूनच शाळेत गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही वरांड्यात गोळ्या वळत बसले होते. मी धरलं, आज पहिला दिवस. तुम्ही सुरुवात रविवारीच केली होती. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. सांगायचं कशाला? चौकटीवर रेघा होत्याच.

बुधवारी पोळा. सकाळी मी ओलं फडकं घेऊन कोठीची चौकट पुसली, कारण हळदीकुंकवाची बोटं ओढायची होती. खडूच्या रेघा दिसल्या. पुसल्या. मोजल्या नाहीत. वर्गात कोणी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापते, बाबा. आणि चार रेघा मी न मोजता पुसल्या.

शिवाय सणाच्या दिवशी तुम्ही विष वळाल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. हे माझं पहिलं भांडण. काहून वळल्या? आईने पहाटे टोकलं होतं तुम्हाला. ‘आज पोळा आहे, उद्या करा.’ तुम्ही म्हणाले, ‘उंदीर पंचांग पाहते काय?’ हे मला आईने फार नंतर सांगितलं. एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?

आठच्या सुमाराला बिसाहू भैया चांदनीला घेऊन आले. जवळच्या उरला भागातल्या कारखान्यांची काजळी धुऊन तिला पांढरीशुभ्र केली होती, कपाळावर लाल गोंडे. तुम्ही आंघोळीला गेले होते. पुरण अजून शिजत होतं. आई आतून ओरडली, ‘पाच मिनिटं थांब म्हणा त्याले!’ बिसाहू भैया थांबले आणि सणासाठी गेटवर घातलेल्या मांडवाच्या दोऱ्या आवळायला लागले. चांदनी कुठली थांबते! तिने मान लांबवली आणि माझी ओढणी ओठांनी चाचपायला लागली. गेटजवळच्या मीटरच्या पेटीवर गोळ्यांचं ताट होतं. मी हात वर करून सहा-सात गोळ्या घेतल्या आणि तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरल्या.

तिने सगळ्या खाल्ल्या. एक घरंगळून खाली पडली, ती आपल्या गल्लीतल्या शेरूने पळवली. नेहमीच पळवायचा.

हाताला लसणासारखा वास आला. सणाचा स्वयंपाक, घरात लसूण सोललेलासुद्धा नव्हता. तेवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नाही? मी हात धुतला आणि आरतीचं ताट आणायला आत गेले.

मग तुम्ही आले, पूजा झाली, तुम्ही तिला पुरणपोळी भरवली, तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि ती पुढच्या घरी गेली. तिला चार घरची आमंत्रणं होती. तासाभराने मी नालीजवळ शेरूला ओकताना पाहिलं. म्हटलं, सणाचं खरकटं जास्त झालं असेल.

दुपारी बिसाहू भैयांची हाक आली. ‘बाबूजी, चांदनी को क्या हो गया, आके देखो ना!’ आपण दोघं धावलो. ती घामाने ओली झाली होती, खुराने जमीन उकरत होती, मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मध्येच खाली पडून लोळायची. भैया तिला उठवून गल्लीत फिरवत होते. त्यांना वाटलं, गोडधोड जास्त झालं, पोट दुखतंय.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तिच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. नाकातून नळी घातली, पण तोवर फार वेळ झाला होता. ‘चूहामार दवा है,’ ते म्हणाले. ‘किसके यहाँ खाई इसने?’

भैया म्हणाले, ‘साहब, चार घर का खाई है. त्योहार है आज.’

कोणी बोललं नाही. मीही नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही वळून घराकडे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. ताट बघायला गेले होते, हे मला कळलं. तुमचा चेहरा बघून सगळंच कळलं.

कोणीतरी डॉक्टरांना म्हणालं, उलटी होईल असं काहीतरी द्या. डॉक्टर म्हणाले, ‘कुत्ता-बिल्ली उलटी करके कभी-कभी बच जाते हैं. घोड़ा उलटी कर ही नहीं सकता.’

शेरू दोन दिवस नालीकाठी पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी उठून शेपटी हलवत आला. चांदनी त्याच दिवशी, दिवे लागायच्या आधी गेली.

नंतर मी वाचून काढलं. मला दुसरं काय येतं? घोड्याच्या जठराचं तोंड इतकं आवळलेलं असतं की एकदा आत गेलेलं परत वर येत नाही. उंदराचंही तसंच. त्यालाही ओकता येत नाही आणि म्हणून ती पुडी त्याला लागू पडते. पोटातलं आम्ल आणि ती पुडी एकत्र आली की विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. पुडीच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मुलं आणि पाळीव जनावरांपासून दूर ठेवा. आपण दूरच ठेवलं होतं की! मीटरच्या पेटीवर. आणि घोडीला मात्र तीन दिवस साध्या गोळ्या चारून सवय लावली होती. बाबा, उंदरांचा भरवसा कमावता कमावता आपण तिचाही कमावला.

तुम्ही उरलेल्या गोळ्या पुरल्या आणि परत कधी वळल्या नाहीत. पारा मागायला आला तर म्हणायचे, ‘आता डोळ्याइनं दिसत नाही.’ खोटं. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचत होते की शेवटपर्यंत. पुढच्या पोळ्याला तुम्ही मातीचा बैल आणला आणि आईने त्याला हळदीकुंकू लावलं.

मी वाट पाहिली, बाबा. तुम्ही विचाराल, विजू, ताटाला हात कोणी लावला? उत्तर तयार होतं माझं. पहिला आठवडा रोज तयार होतं. तुम्ही विचारलंच नाही. मग मी असं धरून चालले की तुम्हाला वाटतं, ताट तुमच्याच हातून तिच्या तोंडाला येईल असं राहिलं. आणि मी तुम्हाला तसं वाटू दिलं. त्यानंतर तुम्ही सात वर्षं होते. सात वर्षांत मला एक संध्याकाळ सापडली नाही! बिसाहू भैयांच्या गल्लीतून जाणं टाळायला मी अंडरब्रिजकडून वळसा घालून शाळेत जायला लागले. लोकांना सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

मागच्या आठवड्यात बिसाहू भैया गेटवर आले. बरोबर नवी घोडी, मैना. लहान आहे अजून, कान सारखे हलते ठेवते. आता वराती नवा रायपुरच्या लॉनवर असतात, म्हणून तिला टेम्पोत चढायची सवय लावताहेत म्हणाले. आणि मग म्हणाले, ‘दीदी, इस बार पोला में मैना को लाऊँ क्या? बाबूजी के जाने के बाद से गेट सूना है.’

मी हव म्हटलं. तोंडातून निघून गेलं. तिला गेटवर उभी करून हळदीकुंकू लावायचं आणि भैयांना काहीच सांगायचं नाही, एवढी हिंमत माझ्यात नाही. सांगायचीही नव्हती. पण आज आदला दिवस, शेवटची मुदत. गेले.

भैया लिंबाखाली मैनाला खरारा करत होते. मी उभ्या उभ्याच बोलले. बसले असते तर बोलले नसते. ‘भैया, चांदनी को जहर हमारे घर से गया था.’

त्यांचा हात थांबला नाही. ‘हव, मालूम है.’

‘मालूम है? कैसे?’

‘बाबूजी उसी शाम बताए थे. यहीं हाथ जोड़ के खड़े थे. बोले, बिसाहू, मेरे हाथ से हुआ है. गोली मैंने खिलाई.’

ते पुढे सांगत होते, खरारा चालूच. ‘मैं तो बहुत गुस्सा हुआ, दीदी. बोला, जाओ यहाँ से. दूसरे दिन सबेरे बाबूजी हँसिया लेके आ गए. बोले, बादल के लिए घास काटूँगा. मैं मना किया, माने नहीं. पानी हो, जाड़ा हो, रोज. रेल लाइन के किनारे से गट्ठा लाते थे. सात साल.’

बादल म्हणजे त्यांचा म्हातारा घोडा, त्यांच्याकडे उरलेला एकुलता एक. आणि तुमचा तो सकाळचा फेरफटका, बाबा! मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, आमचे बाबा या वयात रोज तास-दीड तास चालतात. मी तुम्हाला चालायचे बूट आणून दिले होते. तुम्ही ते घातले नाहीत, चपलाच बऱ्या म्हणाले.

मग मी उरलेलं सांगितलं. ‘भैया, बाबा ने नहीं खिलाया. मैंने खिलाया. बाबा नहा रहे थे.’

आता हात थांबला. त्यांनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले. मैनाच्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘तो फिर बाबूजी सात साल घास किसके लिए काटे?’

शाळेत पोरं काय वाटेल ते विचारतात, मी कधी अडत नाही. इथे मी मैनाच्या पाठीवरचे सुटे केस झटकत राहिले.

शेवटी भैया म्हणाले, ‘कल लाऊँगा मैना को. जबान दिया हूँ तो लाऊँगा. लेकिन खिलाऊँगा मैं, अपने हाथ से. आप मत खिलाना.’

बरोबर आहे त्यांचं. मला लागलं, ते लपवत नाही. पण बरोबर आहे.

घरी आले. तुमच्या खुर्चीवर अभ्रे होते ते आधीच सांगितलं. आई पुरणासाठी डाळ निवडत बसली होती. मी म्हटलं, ‘आई, बाबा सकाळी गवत कापायला जायचे, तुला माहीत होतं?’

तिने मान वर केली नाही. ‘त्याइच्या पँटीले रोज कुसळं राहे. धूत कोण होतं?’

‘आणि मला काहून नाही सांगितलं?’

‘ते नाही म्हणे. म्हणे, पोट्टी आधीच दुरून दुरून जाते, अजून कोठं पाठवतं तिले.’

‘म्हणजे गोळ्या मी दिल्या, हे त्यांना…’

‘चौकट कोणं पुसली होती त्या दिवशी?’ आई म्हणाली. ‘म्या तं नोती पुसली.’ आणि डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! रेघा पुसलेल्या बघितल्या, ताट बघितलं, आणि संध्याकाळी जाऊन दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभे राहिले. माझ्यासाठी खोटं बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, बाबा? मी चाळिशीची बाई होते, लहान पोर नव्हते. मला रागवायचं होतं. एकदा विचारायचं होतं. माझं माणूस माझ्यासमोर ताटात जेवत होतं आणि दोघांच्याही घशात एकच गोष्ट अडकली होती, आणि आपण एकमेकांना भाजी वाढत होतो! तुम्ही मला वाचवलं असं तुम्हाला वाटलं असेल. मी मात्र नऊ वर्षं अंडरब्रिजकडून वळसा घातला. तुमच्यासोबत रेल्वेलाइनच्या काठी गवत कापलं असतं तर निदान सरळ रस्त्याने शाळेत गेले असते.

आणि पाठ दुखायची तुमची. मी बाम चोळून द्यायची आणि म्हणायची, बाबा, एवढं चालू नका. तुम्ही म्हणायचे, ‘हव.’

झालं. भांडण संपलं. रडले थोडी, पण ते भांडणात धरू नका.

एक राहिलं. भैयांकडून निघताना मी गेटपर्यंत आले होते, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, ‘आवतन नहीं देंगी, दीदी? बाबूजी तो देते थे.’

मी परत फिरले. हळद-लोणी काही आणलं नव्हतं. मैनाच्या कानाशी वाकले आणि तुमचे शब्द म्हटले. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ तिने कान हलवले. मग मान खाली घालून माझा रिकामा तळहात ओठांनी चाचपायला लागली, अगदी चांदनीसारखी. मी हात मागे घेतला. भैयांनी पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली.

उद्या पुरणपोळी मी करीन, भैया भरवतील. मी बाजूला उभी राहीन. त्याची मला सवय करून घ्यायला हवी.

तुमचा विळा सापडला, बाबा. कोठीच्या दारामागे, खिळ्याला टांगलेला. इतकी वर्षं मला वाटत होतं तो कुंड्यांसाठी आहे. आई म्हणते, धार अजून आहे. उद्या सण, उद्या नको. परवा सकाळी सहा वाजता मी रेल्वेलाइनच्या काठी जाईन, मैनासाठी गवत कापायला. रोज. सात वर्षं झेपेल की नाही ते गुडघे ठरवतील, पण जाईन. तुम्ही आयुष्यभर माझ्या खोटेपणाला शिक्षा केली नाही, उलट एकदा स्वतःच खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. मी तुम्हाला वचन देते की तसलं खोटं आता मी बोलणार नाही. रस्त्यात कोणी विचारलं, बाई, तुम्ही कोणासाठी गवत कापता, तर पूर्ण सांगेन. चांदनीचं नाव सांगेन, गोळीचं सांगेन, आणि ती कोणाच्या हातून गेली तेही सांगेन.

तुमची,
विजू